बाबा समोर बसले आहेत ना, मग त्यांनाच विचारा

आज बाबांना घेऊन बँकेत गेली होती, हयातीचा दाखला द्यायला. 80 च्या वरच्या पेन्शनरांचा ऑक्टोबरपासूनच घेतात, म्हटलं नोव्हेंबरच्या गर्दीत कशाला. तर काउंटरवरची पोरगी बाबांकडे न बघता मला विचारते, "यांना ऐकू येतं का? सही करतात का हे?" अगं बाई, समोर बसले आहेत, खिशात स्वतःचा पेन आहे, त्यांनाच विचार ना!

मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं, 2021 पासून सोय आहे, माहीत आहे मला, कमेंटमध्ये सांगू नका. बाबांना बँकेत जायचं असतं. इस्त्रीचा शर्ट घालून, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरची, झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन.

मग अंगठा लागेना. नागपुरात मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये जन्म गेला, रेषा घासून गेल्या, त्यात या वयात कातडी कोरडी. तर तिनं न विचारता त्यांचं बोट धरलं आणि मशीनवर असं दाबलं, कॉटन मार्केटात टमाटर दाबून बघतात तसं.

मान्य, मागे लाइन होती. पण डॉक्टरही तेच करतात ना बाप्पा! "झोप लागते का यांना?" मी काय रात्रभर उशाशी बसते? आणि काहीही सांगा, उत्तर एकच, वय झालं. गुडघा दुखला वय झालं, जेवण सुटलं वय झालं, दोन-दोन दिवस कोणाशी बोलले नाही तरी वय झालं. म्हातारपणी डिप्रेशन येतं, त्यावर इलाजही असतो, ते वयाच्या नावावर काहून टाकून देता? आणि कमी ऐकू आलं की माणूस सारखं सारखं "काय?" विचारायला लाजतो, मग चूप बसतो, मग घरचेच म्हणतात यांना आता काही समजत नाही. लग्नात तर कूलरसमोर खुर्ची दिली, प्लेट आणून दिली की संपलं.

बँकेतला गार्ड मात्र भला माणूस. वाकून विचारलं, "काका, कोणत्या खात्यात होते तुम्ही?" झालं, बाबांची नॅरोगेज सुरू! नागभीडची छोटी गाडी 2019 ला बंद झाली इथपर्यंत सगळं सांगून झालं, ती काउंटरवाली पण ऐकून राहिली होती, हसली सुद्धा. वाईट नसेल ती, कोणी सांगितलंच नसेल तिला. पण ते बोट काही डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

शुक्रवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. बाबा एकटे आत जातील, मी बाहेर बसणार. बघू मग कोणाला विचारतात ते.