नदीकाठचा रस्ता सपाट का नाही : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरकडच्या आमच्या दोन दिवसांच्या सायकल सफरीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. जेवण आणि माणसं चांगली, बाकी सगळी फसवणूक, असं तुमचं म्हणणं. रस्त्याला वर्दळ नाही असं सांगितलं आणि वाटेत एसटी, दुचाकी, लाकडाचे ट्रक भेटले. नदीच्या खोऱ्यातली राइड म्हणाले आणि दिवसभर घाट्या चढायला लावल्या. जंगल म्हणून काजूच्या बागा दाखवल्या. आणि वर, ‘युरोपात नदीकाठचे सायकल मार्ग कसे असतात ते एकदा बघून या.’ तुमचं वाचून पुढची माणसं यायचं की नाही ते ठरवणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युरोपापासूनच सुरुवात करू. जर्मनी, बेल्जियम आणि लक्झेंबर्गमधून जाणारा फेनबान हा 125 किलोमीटरचा मार्ग बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर केलेला आहे. आगगाडीला शंभर मीटरला दोन मीटरच्या वरचा चढ सहसा झेपत नाही. त्यामुळे डोंगर फोडायचं, भराव घालायचं काम रेल्वेने आधीच करून ठेवलेलं, सायकलवाले आयते आले. डॅन्यूबकाठी पासाउहून व्हिएन्नाला जाणारा मार्ग बराचसा जुन्या ओढवाटांवरून जातो. घोडे काठाने चालत नावा प्रवाहाविरुद्ध ओढून न्यायचे, त्यांच्यासाठी काठ सपाट केलेला होता.

आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. शास्त्री काय, वाशिष्ठी काय, काजळी काय, सगळ्या नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राला मिळतात. कोकण रेल्वे जाते उत्तर-दक्षिण, म्हणजे खोरी आडवी ओलांडत, डोंगराच्या पोटातून. उक्षीच्या पुढचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. 1998 मध्ये पूर्ण सुरू झालेली ही लाइन बंद पडायची वाट बघायची म्हटलं तर कठीणच, तिचं तिकीटसुद्धा मिळत नाही. राहिल्या नावा. शास्त्रीच्या खाडीवरच्या फुणगूसपर्यंत माल यायचा तो भरतीवर वर आणि ओहोटीवर परत खाली. समुद्रच फुकट ओढून आणतोय म्हटल्यावर काठाने घोडे कोण चालवणार?

म्हणून आमच्या नद्यांच्या काठाला सलग वाट कधी झालीच नाही. खाली खाडी, चिखल, कांदळवन आणि खाजणं, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याची दलदल. त्याच्या वर लगेच डोंगर, आणि दर थोड्या अंतरावर वहाळ नाहीतर पऱ्या, म्हणजे ओढा, खाली उतरलेला. रस्ता करणाऱ्याने काय करावं? वहाळ अरुंद होतो तिथपर्यंत आत जायचं, मोरी नाहीतर साकव (छोटा पूल) घालायचा, पलीकडची सोंड चढायची, पुढच्या वाडीत उतरायचं, की दुसरा वहाळ. नकाशावर नदी आणि रस्ता हातात हात घालून जाताना दिसतात. पायांना हिशोब वेगळा लागतो. तुमच्या दुसऱ्या दिवसाच्या टप्प्यात 42 किलोमीटरला सुमारे 700 मीटर चढ आहे. हे आमच्या पानावर आहे आणि तुम्हाला बुकिंगच्या वेळी पाठवलेल्या मेसेजमध्येही आहे.

आता वर्दळ. संगमेश्वरहून सपाट, रुंद, गुळगुळीत रस्ता हवाच असेल तर 66 नंबरचा हायवे आहे. त्यावरून सगळेच जातात. आमच्या वाटा शांत आहेत त्या घाट्यांमुळेच. शंभराला दहा-बाराचा चढ आणि एका गाडीपुरतं डांबर बघून बाहेरचा ड्रायव्हर तिकडे वळत नाही. शांत, सपाट आणि डांबरी असं तिन्ही एका रस्त्यात इथे मिळत नाही, त्यातलं काय सोडायचं ते ठरवावं लागतं. आम्ही सपाट सोडलं.

एसटीबद्दल तक्रार मात्र मला पटली नाही, स्पष्टच सांगतो. वाडीवरची म्हातारी माणसं तालुक्याला दवाखान्यात जातात ती त्याच गाडीने. दिवसाला दोन-तीन फेऱ्या. तेवढ्यासाठी सायकल बाजूला घेऊन उभं राहायला लागलं तर राहायचं. हायवे आपण ओलांडतो, कारण वरचं खोरं आणि खाडीचा भाग यांच्या मधून तो जातो, दुसरा इलाज नाही. तिथे आमची गाडी पुढे-मागे असते. साडेपाचला निघायचं म्हणून सांगतो तेही त्यासाठीच. तुमचा ग्रुप निघाला नऊ वाजता.

लाकडाच्या ट्रकचं म्हणणं खरं आहे, आणि तो माझाही दुखरा विषय आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन नावापुरतं, बहुतेक जंगल मालकीचं. सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यातली बारा मुंबईत. पैशांची नड आली की ठेकेदाराला तोड देतात. पाऊस संपला की ट्रक सुरू होतात ते पुढच्या पावसापर्यंत. ऐन, किंजळ ही झाडं बुंध्यातून पुन्हा फुटतात, काही वर्षांनी डोंगर परत हिरवा दिसतो, पण मोठं झाड होऊ देत नाहीत. कुठल्या वाडीत तोड चालू आहे याची चौकशी आम्ही आदल्या दिवशी करतो आणि जमेल तिथे वाट बदलतो. तुम्ही आलात त्या दिवशी ट्रक खालच्या बाजूने वर आला. अशा रस्त्याला त्याच्यासमोर गटारात उतरण्यावाचून गत नसते, हे मान्य.

पण ‘जंगलच नाही’ म्हणालात, तिथे थांबा. तिसऱ्या घाटीनंतर मंदिराशेजारी आपण पाणी प्यायला थांबलो ती देवराई होती. तिथे कोणी कोयता लावत नाही. रस्त्यावर कवडसासुद्धा पडत नव्हता, आणि वर गारंबीची वेल होती, जवळजवळ माणसाच्या उंचीच्या शेंगा लोंबत होत्या. वाटाड्याने दाखवलं तेव्हा तुमच्यातले दोघे रेंज शोधत पुढे गेले होते. धनेशाची जोडीही तिथेच उडाली.

नदीत पाणी नव्हतं असंही एका ओळीत लिहिलंय. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस एवढ्या लहान, उताराच्या नदीत राहतो किती? भरलेली नदी बघायची तर दसऱ्याच्या आसपास या. मे महिना, गणपती आणि शिमग्याला आम्ही बुकिंग घेतच नाही. चाकरमान्यांच्या गाड्यांनी वाडीतले रस्तेसुद्धा भरलेले असतात.

पुढे येणाऱ्यांसाठी एवढंच : निवांत, सपाट सायकल चालवायची असेल, सोबत लहान मुलं असतील, तर दोन दिवसांची ही सफर घेऊ नका. फोन करा, भरती-ओहोटीची वेळ बघून खाडीच्या बाजूची अर्ध्या दिवसाची राइड सांगू. आणि 25 मिलिमीटरच्या टायरची रोड बाइक आणू नका. आमच्या सायकलींना 40 चे टायर आहेत, मागच्या चाकाला चढासाठी 36 दातांची कॅसेट (गिअरची चक्रं) आहे, ती उगीच नाही.

सर, पैसे परत मागितलेत, ते देता येणार नाहीत. ठरलेला मार्ग, गाडी, मुक्काम सगळं दिलेलं आहे. खाडीची राइड मात्र कधीही करा, तिचे पैसे घेणार नाही. आणि एक, तुमच्या मागच्या टायरला खडीने बाजूने चीर गेली आहे. आमच्या पोराने आतून जुन्या टायरचा तुकडा लावून दिलाय, तो घरी पोचण्यापुरता. पुण्यात परत चालवायच्या आधी टायर बदलून घ्या.