छडी गेली म्हणून शिस्त गेली?

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय : "छडी गेली, शिस्त गेली. कायद्यानं शिक्षकांचे हात बांधले. हेडमास्तर खमका असला की शाळा सरळ होते." यातलं एकही वाक्य टिकत नाही.

कायद्याचं आधी सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी केली. समज द्या, पालकांना बोलवा, मोडलेला बाक मुलाकडून दुरुस्त करून घ्या. याला कुणीही अडवलेलं नाही.

छडीनं वर्ग गप्प होतो, पण छडीवाले सर आत असेपर्यंतच. पुढच्या तासाला बाई आल्या की तोच वर्ग छप्पर डोक्यावर घेतो. गृहपाठ न झालेलं पोर माराच्या भीतीनं दुसऱ्या दिवशी शाळाच बुडवतं, आणि गृहपाठ का झाला नाही हे कुणाला कळतच नाही. याचा मला फार राग येतो.

"तालमीत मार खाऊनच पैलवान घडले," असंही हमखास ऐकवलं जातं. पैलवान घडतो तो पहाटेच्या जोर-बैठकांनी. आखाड्याची माती सगळे मिळून उकरतात, जुना पैलवान नव्याला खेळवतो. वस्ताद गावाला गेले म्हणून मेहनत बंद पडत नाही.

खमक्या हेडमास्तरांची बदली झाली की त्यांची शिस्तही त्यांच्याबरोबर जाते. त्यापेक्षा जूनमध्येच शिक्षक आणि मुलांनी बसून चार-पाच नियम ठरवावेत आणि ते प्रत्येक तासाला सारखेच पाळले जावेत. भांडणं पाण्याच्या टाकीपाशी होत असतील तर मधल्या सुट्टीत तिथं कुणीतरी उभं राहावं. शिपाईमामा आणि आहार शिजवणाऱ्या ताईंनाही विचारावं. कोणतं पोर एकटं बसतं हे त्यांना आधी दिसतं.

यात पालकही आले. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला, हेही त्याच कायद्यात आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत धाडलं नाही तर महिना १ रुपया दंड पालकाला होता. मुलाच्या पाठीवर वळ उठवायची ती सक्ती नव्हती.

तेव्हा तो मजकूर पुढं ढकलण्याआधी समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि विचारा : मधल्या सुट्टीत मैदानावर कोण असतं?