‘पिशवीचं एवढं काय कौतुक?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

तुमच्या प्रतिक्रियेखाली सही नुसती ‘जुना भटक्या’ अशी आहे. पण ‘मी हरिश्चंद्रगड पहिल्यांदा चढलो तेव्हा तुमच्या वडिलांना मिसरूडही फुटलं नसेल’ या तुमच्या वाक्यावरून काका म्हणायला हरकत नसावी.

ट्रेकसाठी प्रथमोपचाराची पिशवी कशी निवडावी, या माझ्या लेखावरचा तुमचा राग थोडक्यात असा: नुसत्या पिशवीवर एवढं लिहिणं हे बाजारू खूळ आहे, जीव वाचतो तो माहितीने आणि औषधाने, पिशवीच्या चेनने नाही. तुमचा ग्रुप वर्षानुवर्षं स्टीलच्या डब्यात सामान नेत आला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. लाल क्रॉसची तयार पिशवी मी उगाच मोडीत काढली. ‘सर्पदंशाचं किट ठेवू नका’ हा सल्ला बेजबाबदार आहे. आणि शेवटी, हे सगळं पुण्या-मुंबईच्या हौशी पोरांचं, गावाकडच्याला परवडणारं नाही. सगळ्याला उत्तर देतो, फक्त तुमच्या क्रमाने नाही.

डब्यापासून सुरुवात करू, कारण तिथे आपलं भांडण कमी आहे. घरात डबाच हवा. घट्ट झाकणाच्या डब्यात झुरळं जात नाहीत, उंदीर कुरतडत नाही, ओआरएसच्या पुडीतल्या साखरेला मुंग्या लागत नाहीत. माझ्याही घरी डबाच आहे. लेख ट्रेकबद्दल होता आणि तिथे बंद डब्यात पाणी शिरतं ही अडचण नाहीच. अडचण अशी, की डब्यात सामान एकावर एक रचलेलं असतं. तळातलं क्रेप बँडेज हवं असेल तर वरचं सगळं बाहेर काढावं लागतं. कुठे काढणार? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; त्या घाटमाथ्यावर जुलैमध्ये कोरडा दगड सापडत नाही. एका पट्टीसाठी डबा उघडला की सगळ्या पट्ट्या भिजल्या. पिशवीत वेगवेगळे पाऊच असतील तर भिजतो तो एकच.

पण पिशवीबद्दल मी इतका हट्ट धरतो त्याचं खरं कारण वेगळं आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकं तेच निसटलं आहे. ‘माझ्या डब्यात काय कुठे आहे ते मला अंधारातही कळतं,’ असं तुम्ही लिहिलंय. मान्य. मिसळणाच्या डब्यात आईचा हात न बघता मोहरीवर जातो, तसंच हे. पण आईच तापाने पडली असेल तर फोडणी कोण देणार? पाय तुमचाच मुरगळला, डोक्याला खोक तुम्हालाच पडली, तर तो डबा उघडणार ग्रुपमधला सर्वांत नवखा पोरगा, नाहीतर पायथ्याच्या वाडीतून आलेला वाटाड्या. त्याने ती पिशवी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली असेल. हात ओले असतील, उजेड मोबाइलचा असेल, शेजारी कुणीतरी विव्हळत असेल. पिशवी निवडायची ती त्याच्यासाठी. माहिती आणि सराव आधी, पिशवी नंतर, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण तुमची माहिती तुमच्या डोक्यात आहे, आणि त्या दिवशी तेच डोकं फुटलेलं असू शकतं.

एवढं धरून चाललं की बाकीच्या गोष्टी आपोआप ठरत जातात. पिशवी पुस्तकासारखी पूर्ण उघडली पाहिजे, म्हणजे चेन तीन बाजूंनी. वरून तोंड असलेली, बटव्यासारखी पिशवी कितीही देखणी असो, तिच्यात हात घालून चाचपडावंच लागतं. आतले पाऊच पारदर्शक हवेत आणि ते औषधांच्या जातीनुसार नाही तर कामानुसार लावावेत. रक्त थांबवायचं एकात: हातमोजे, जाड गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्टी. मुरगळणं-मोडणं दुसऱ्यात: क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी. ताप, जुलाब, अंगावर पित्त उठणं तिसऱ्यात. बोथट टोकाची कात्री मात्र कुठल्याच पाऊचमध्ये नको, ती दोरीने पिशवीलाच बांधलेली बरी. आणि पाऊचवर नावं मराठीत, ठळक अक्षरांत. तयार किटवर सगळी अक्षरं इंग्रजीत असतात आणि मदतीला येणारा माणूस बहुधा मराठी शाळेत शिकलेला असतो, याचा विचार ती विकणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

चेनची तुम्ही थट्टा केलीत, म्हणून चेनबद्दल थोडं जास्त. वेल्क्रो मला आवडत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच डोंगरात आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गडांवर गवत वाळलं की कुसळं कशाकशात घुसतात ते तुम्हाला मी सांगायला नको. वेल्क्रोच्या आकड्यांत ती एकदा बसली की निघत नाहीत, आणि वर चिखल वाळला की वेल्क्रो चिकटायचाच थांबतो. चेन बरी, पण प्लास्टिकच्या जाड दात्यांची किंवा नायलॉनची. धातूच्या दात्यांची चेन आणि स्वस्तातला रनर कोकणातल्या खाऱ्या हवेत गंजून अडकून बसतो. रनरच्या कडीत बोटभर दोरीचा फास घालून ठेवावा. गारठलेल्या किंवा हातमोजे घातलेल्या बोटांना ती बारीक पत्री धरता येत नाही.

आता पाणी. दुकानदार ज्याला ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात ती बहुतेक वेळा पॉलिएस्टरची पिशवी असते, आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेली. पाणी शिरतं ते कापडातून कमी, चेनमधून आणि शिवणीच्या भोकांतून जास्त. शिवाय दमट हवेत तो लेपच हळूहळू विघटित होतो: आधी आंबूस वास, मग चिकटपणा, मग पापुद्रे. पावसाळाभर माळ्यावर घडी करून ठेवलेली जुनी सॅक उघडून पाहा, लगेच कळेल. म्हणून चेनच्या पिशवीकडून कोरडेपणाची अपेक्षाच ठेवू नये. ती तोंड गुंडाळायच्या ड्राय बॅगेत घालावी, तोंडाला निदान तीन वेढे द्यावेत आणि मग बक्कल लावावं. ट्रेकहून आल्यावर सगळं उघडून सुकवावं आणि औषधं घरच्या डब्यात हलवावीत. बघा, तुमचा डबा इथे परत आला. गोळ्यांच्या पट्ट्याही मऊ पिशवीत चुरगळतात, त्यासाठी आत एक छोटी टणक डबी ठेवावीच. आणि आयोडीनच्या बाटलीला स्वतंत्र पिशवी. ती गळते. कधी ना कधी गळतेच.

‘आम्ही सामान गाडीच्या डिकीतच ठेवतो, हवं तेव्हा हाताशी,’ असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. हे मात्र कृपा करून बंद करा. बऱ्याच औषधांच्या वेष्टनावर 25 किंवा 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीतलं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. चिकटपट्टीचा गोंद पाझरतो, रबरी हातमोजे घालताना फाटतात.

लाल क्रॉसकडे येतो. ‘लाल पिशवी चालते पण लाल क्रॉस नको, हा कुठला सोवळेपणा?’ असं तुम्ही विचारलंय. सोवळेपणा नाही, कायदा आहे. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे प्रथमोपचाराचं सर्वसाधारण चिन्ह नाही. युद्धात जखमींची सेवा करणारी सैन्याची वैद्यकीय पथकं आणि रेडक्रॉस संस्था यांचं ते संरक्षणाचं चिन्ह आहे: ते दिसलं की गोळी झाडायची नाही. भारतात 1960च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. बाजारात सर्रास दिसतं हे खरं, पण बाजारात बरंच काही सर्रास दिसतं. प्रथमोपचाराची आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे हिरव्यावर पांढरा क्रॉस. फक्त अख्खी पिशवी हिरवी घेऊ नका. श्रावणात सह्याद्रीत हिरवी पिशवी खाली ठेवली की गेलीच. आग्या माशा उठल्या की माणसं सॅका टाकून पळतात, त्या नंतर शोधाव्या लागतात, हेही लक्षात असू द्या. पिशवी भगवी-नारिंगी घ्यावी. ती पावसाळ्यातल्या हिरव्यातही दिसते आणि मे महिन्यातल्या करड्या कातळावरही. हिरवी-पांढरी खूण वर छोटीशी पुरे.

तयार पिशवी मी मोडीत काढली ती नुसत्या चिन्हासाठी नाही. ती आकाराने नको इतकी मोठी असते. पिशवी मोठी असली की माणूस ती भरतो, आणि भरताना हाताला येईल ते भरतो. इथेच तुमचा सर्पदंशाचा मुद्दा येतो. तुम्ही सुचवलेल्या यादीत विष ओढायचा पंप, ब्लेड आणि करकचून बांधायची दोरी आहे. काका, या तिन्ही गोष्टी पिशवीतून काढा. पंपाने विष निघत नाही. चिरा दिल्याने रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग तेवढा वाढतो, आणि आपल्याकडचं घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडलेली असते, तिथे ब्लेड म्हणजे दुसरा दंश. दोरी आवळल्याने हातापायाला इजा होते. करायचं ते इतकंच: अंगठी, पैंजण, घड्याळ काढणं, दंशाचा अवयव हलू न देणं, माणसाला न चालवता उचलून खाली आणणं आणि 108ला फोन लावून प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात पोचवणं. प्रतिविष आपण बरोबर न्यावं ही सूचनाही मागच्या लेखावर एकाने केली होती. ते शिरेतून द्यावं लागतं आणि त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे ते गडावर देण्याची गोष्टच नव्हे. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू कमी करून दाखवले, हे खरं. पण ते औषध रक्तदाब खाली आणतं. ते डॉक्टरने द्यायचं, ट्रेक लीडरने चाचपडत नाही. तर सर्पदंशासाठी माझ्या पिशवीत लागतं ते सगळं दुसऱ्या पाऊचमध्ये आहे: अवयव स्थिर ठेवायला त्रिकोणी पट्टी. म्हणून मी म्हटलं होतं, वेगळं किट नको. बेजबाबदारपणा नेमका कुठे आहे, तुम्हीच ठरवा.

पिशवी कुणाकडे असावी, यावर तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण दुसऱ्या एका वाचकाने विचारलंय, म्हणून इथेच सांगतो. लीडरकडे नाही. ती टेलकडे, म्हणजे सगळ्यांत शेवटी चालणाऱ्याकडे असावी. ज्याला लागतं, ज्याला चक्कर येते, तो मागे पडतो, आणि मागे पडलेला माणूस शेवटच्या माणसालाच भेटतो. लीडर तोवर बालेकिल्ल्यावर फोटो काढत असतो. पिशवी टेलच्या सॅकमध्ये वरच्या टोकाला, डब्यांच्या आणि दोराच्या खाली नाही, आणि ती कुठे आहे हे निघतानाच सगळ्यांना दाखवलेलं असावं. आमच्याकडे पायथ्याशीच एका नवख्याला डोळे मिटून ‘क्रेप बँडेज काढ’ म्हणतात. त्याला ते पटकन मिळालं नाही तर पिशवी पुन्हा लावायची. नवख्याला बोल लावायचे नाहीत.

राहिला पैशाचा मुद्दा. तो तुम्ही शेवटी, जरा टोचून लिहिलात, पण तुमच्या पत्रातला सर्वांत रास्त मुद्दा तोच आहे. महागडी पिशवी घ्याच, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तालुक्याच्या बाजारात ताडपत्री शिवणारा किंवा सॅका-छत्र्या दुरुस्त करणारा असतोच. त्याच्याकडून नारिंगी ताडपत्रीची शिवून घ्या. आठ-दहा जणांच्या एका दिवसाच्या ट्रेकला साधारण 25 सेंमी लांब, 18 सेंमी रुंद आणि 10 सेंमी जाड पुरे. 10 सेंमी रुंदीचं क्रेप बँडेज तिच्यात उभं मावतं. चेन तीन बाजूंनी, नायलॉनची, आणि रनर दोन, म्हणजे एक अडकला तरी दुसऱ्या बाजूने उघडता येईल. आत ताडपत्रीचे खिसे शिवू नका. किराणा दुकानात मिळतात त्या चेनच्या जाड पारदर्शक पिशव्या चालतात, फाटली की बदलायची. वर पट्टा नको, नुसती पकडायची मूठ हवी, पट्टा झुडपांत अडकतो. ड्राय बॅग तेवढी विकत घ्यावी लागेल, दहा लिटरची.