कंगव्यांच्या कारखान्यातलं जहाज

आमच्या शाळकरी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक वाद हमखास उगवतो. हल्लीच्या मुलांना हातानं काही करायला नको, सगळं तयार हवं! मग कुणीतरी मला मध्ये ओढतं. "याला विचारा. इंग्लंडात लोक सत्तरीतही प्लास्टिकची विमानं जोडत बसतात. तिकडे हौस जपतात."

जपतात, खरंय. मीही जोडतो. पण या छंदाचा इतिहास आमच्या पिढीच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार नाही.

पूर्वी हौशी मंडळी विमानं लाकडातून कोरत. १९३६ साली 'फ्रॉग' या ब्रिटिश कंपनीनं 'पेंग्विन' नावानं प्लास्टिकचे सुटे भाग डब्यात घालून विकायला काढले. माप १:७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. पंख तासणं, घासून गोलाई आणणं, हे सगळं साच्यानं करून टाकलं. आज आम्ही जिला हस्तकला म्हणून कुरवाळतो, ती लाकूडवाल्यांच्या लेखी तयार मालच असणार.

एअरफिक्सची कथा तर फारच गमतीची. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली ही कंपनी काढली, ती हवा भरायच्या रबरी खेळण्यांसाठी. पुढे ती कंगवे काढू लागली. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबणारी यंत्रं हाताशी होतीच. १९४९ मध्ये त्यातून फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती निघाली, मूळ हेतू ट्रॅक्टरची जाहिरात. १९५२ साली सोळाव्या शतकातल्या इंग्लिश दर्यावर्दी ड्रेकचं 'गोल्डन हाइंड' जहाज वूलवर्थ्सच्या दुकानांत दोन शिलिंगांना आलं. एवढ्या स्वस्तात डबा परवडेना, म्हणून साध्या पिशवीत. म्हणजे ज्याच्या आठवणीनं इथले आजोबा हळवे होतात, ते कंगवेवाल्यांनी काढलेलं स्वस्त खेळणं होतं.

जपानच्या शिझुओकात तामिया या मॉडेलं बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात लाकडाच्या धंद्यातून झाली. ते लाकडी मॉडेलं करत. बाहेरून प्लास्टिकची आली, तशी लाकडाची विक्री बसली, आणि १९६० साली त्यांनीही प्लास्टिकची 'यामातो' युद्धनौका काढली. त्यांच्या रणगाड्यांचं १:३५ हे मापसुद्धा आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ठरलेलं. आज त्याच मापाच्या अचूकतेवरून प्रौढ माणसं हमरीतुमरीवर येतात.

इथल्या प्रदर्शनात गेलं की टेबलांमागे बहुतेक पिकलेली डोकी दिसतात. "आजची मुलं स्क्रीन सोडत नाहीत," ही तक्रार तिथेही ऐकतो, फक्त इंग्रजीत. मला मात्र भाग जोडायच्या त्या द्रावणाचा वास हवा असतो. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. चूक झाली की भाग सुटत नाही, आणि पंखावर बोटाचा ठसा कायमचा राहतो.

ग्रुपवर मी पूर्ण झालेल्या स्पिटफायर विमानाचा फोटो टाकतो. मागच्या कपाटातले न उघडलेले अकरा डबे फोटोत येणार नाहीत, एवढी काळजी घेतो.