बेलफास्टला चीज पाठवणाऱ्याला चार युक्तीच्या गोष्टी

चीज चांगलं कसं बनवायचं यात उगीच वेळ घालवू नका, ते नंतर बघता येईल. आधी स्टिकर सरळ चिकटवायला शिका. तुमचं चीज कोणीतरी खाण्याआधी पाच-सहा जण ते वाचणार आहेत, आणि त्यातल्या एकालाही भूक लागलेली नसते.

मी इथे इंग्लंडमधे एका फ्रेट कंपनीत कागदं करतो, म्हणजे माल एकाचा, ट्रक दुसऱ्याचा, आणि चूक झाली की ती माझी. त्यामुळे अधूनमधून ओळखीतलं कोणीतरी फोन करतं, की अरे आम्ही छोटं चीजचं युनिट टाकलंय, बेलफास्टच्या एका दुकानाने ऑर्डर दिलीय, जरा बघ ना, आणि शेवटी हे वाक्य हमखास असतं, "एकाच देशात तर पाठवायचंय, त्यात काय एवढं." त्यात काय एवढं ते सांगतो, बसा निवांत.

लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळला असालच. तळ्यात म्हटलं की आत उडी, मळ्यात म्हटलं की बाहेर, गोंधळला तो आउट. बेलफास्ट ज्याची राजधानी ते नॉर्दर्न आयर्लंड, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे, १ जानेवारी २०२१ पासून हाच खेळ खेळतंय, फक्त तिथे दोन्ही एकाच वेळी ओरडतात. कायद्याने ते युनायटेड किंगडमच्या कस्टम्स हद्दीत, म्हणजे तळ्यात, पण मालाला नियम बरेचसे युरोपियन युनियनच्या बाजाराचे, म्हणजे मळ्यात. का, तर शेजारी आयर्लंड प्रजासत्ताक, ते युनियनमधे, आणि दोघांमधली जमिनीवरची सीमा जवळपास ५०० किलोमीटर, ती ओलांडणारे रस्ते दोनशेच्या वर, कुठे कुणाच्या शेताच्या बांधावरून गेलेले. तिथला जुना हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर त्या सीमेवरची ठाणी गेली ती परत यावीत असं तिथे कोणालाच वाटत नाही. हे मात्र मी चेष्टेत लिहीत नाहीये, त्या रस्त्यांवर काय काय झालंय ते वाचलं की चार फॉर्म जास्त भरायला माझी ना नाही. तर जमिनीवर नाका नको, मग नाका गेला समुद्राकाठी, बंदरांवर. समुद्राचं बरं असतं, तो मोर्चा काढत नाही.

आता तुमच्या चीजबद्दल पहिला संशय घेतला जातो तो त्याच्या चारित्र्याचा. बेलफास्टला म्हणून घरातून निघालेलं चीज रात्री-बेरात्री दक्षिणेला पळून गेलं तर? याला रीतसर नाव आहे, 'ॲट रिस्क' माल. गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष वगैरे लाड माणसांचे असतात, मालाचे नाही, माल आधी ॲट रिस्कच धरायचा आणि तो तसा नाही, चांगल्या घरचा आहे, हे तुम्ही पटवायचं. त्यासाठी 'यूके इंटर्नल मार्केट स्कीम'मधे नाव नोंदवा. खाण्याचा माल आहे म्हणून 'नॉर्दर्न आयर्लंड रिटेल मूव्हमेंट स्कीम'मधेही नोंदवा. दोन्हींची लघुरूपं, यूकेआयएमएस आणि एनआयआरएमएस, आरशासमोर उभं राहून पाठ करा, फोनवर न अडखळता म्हणता आली की समोरचा तुम्हाला जुना खेळाडू समजतो आणि लाइनवर थोडं कमी ताटकळत ठेवतो. शिवाय जीबीने सुरू होणारा ईओआरआय नंबर, म्हणजे कस्टम्समधला तुमचा ओळख क्रमांक, तुमच्याकडे असेल, पण तेवढ्यावर भागेलच असं नाही, नॉर्दर्न आयर्लंडसाठी एक्सआयने सुरू होणारा पण काढून ठेवा. एक्सआय नावाचा देश नकाशात शोधत बसू नका, तो फक्त फॉर्मच्या रकान्यात असतो आणि तिथली लोकसंख्या म्हणजे आमच्यासारखे कारकून.

हे सगळं केलं की तुम्हाला हिरवी लेन मिळते. २०२३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डर लायन यांनी विंडसरला बसून जे ठरवलं, विंडसर फ्रेमवर्क, त्यातली ही लेन, १ ऑक्टोबर २०२३ ला चालू झाली. बंदरात जाऊन हिरवा रंग शोधू नका, लेन वगैरे काही रंगवलेली नसते. हिरवी म्हणजे कमी कागद, लाल म्हणजे सगळे कागद. सरकारने अभिमानाने सांगितलं होतं की ८० च्या वर रकाने होते ते २१ वर आणतोय, आणि खरंच आणले, यात खोट काढायला जागा नाही. फक्त इतकंच, की २०२० पर्यंत ते शून्य होते.

मग येतो कोड. जगात जे जे हलतं त्याला मालाची जात सांगणारा सहा आकडी एचएस कोड असतो, वर प्रत्येक देश आपापले आकडे जोडतो, इथे आयातीला एकूण दहा. चीजचं घराणं ०४०६. ताजं असेल तर ०४०६ १०, किसलेलं २०, प्रोसेस्ड ३०, निळ्या बुरशीवालं ४०, राहिलेलं सगळं ९०. म्हणजे पॅकिंगच्या पोराने हौसेने अर्धा लॉट किसून पाकिटात भरला की त्या अर्ध्या लॉटचं गोत्र बदललं, आणि तुम्ही कागदावर जुनंच गोत्र लावलंत तर पत्रिका जुळत नाही. आपल्याला काय वाटतं याला इथे किंमत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८९३ साली टोमॅटो ही भाजी आहे असा निकाल दिला, वनस्पतीशास्त्रात ते फळ आहे हे कोर्टाला नीट ठाऊक होतं, पण जकात भाजीवर होती आणि फळावर नव्हती, आणि लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर नाही, संपला विषय.

चीजमधे मिरी घालायचा विचार असेल तर खुशाल घाला, चव म्हणून घातलेल्या मिरीने चीजचं काही बिघडत नाही, ते दुधाचा पदार्थच राहतं. पण तेच चीज पिझ्झ्याच्या पिठावर पसरलंत की झालं कंपोझिट, म्हणजे अर्धं प्राण्याचं अर्धं वनस्पतीचं, त्याचे नियम वेगळे. त्यावर शिजवलेलं मांस टाकलंत तरी कंपोझिट, कच्चं टाकलंत तर मात्र ते मांसच, खालचा पिझ्झा कोणी मोजत नाही. हे एकदा समजलं की तुम्हाला २०२१ च्या जानेवारीतला तो नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंड बंदरातला ड्रायव्हर आठवून हसू येणार नाही. इंग्लंडहून उतरलेल्या त्या बिचाऱ्याकडे फॉइलमधे गुंडाळलेली हॅम सँडविचं होती, डच अधिकाऱ्याने विचारलं मांस आहे का, हा म्हणाला आहे, मग याने विनवलं की मांस तुम्ही घ्या, ब्रेड तरी ठेवा, तर अधिकारी म्हणाला नाही, सगळंच जप्त. आणि हे सगळं टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. कंपोझिटमधून ब्रेड वेगळा काढता येत नाही हे त्या ड्रायव्हरने उपाशीपोटी शिकलं, तुम्ही फुकटात शिकताय.

तर आता मुख्य विषय, स्टिकर. त्यावर तीनच शब्द असतात, 'नॉट फॉर ईयू', म्हणजे युरोपियन युनियनसाठी नाही. जगातली बाकी सगळी लेबलं सांगतात की आत काय आहे, हे एकटं सांगतं की याने कुठे जाऊ नये. १ ऑक्टोबर २०२३ ला मांस आणि ताजं दूध वगैरेपासून सुरुवात झाली, २०२४ च्या ऑक्टोबरात दुधाचं उरलेलं सगळं आलं, आणि १ जुलै २०२५ ला मासे, फळं, भाज्या, पिझ्झाबिझ्झा. चहा, कॉफी, कोरडा पास्ता सुटले, ते बहुतेक पळून जाणाऱ्यातले वाटत नाहीत.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. अशाच एका ओळखीच्याची पहिली खेप, ६०० पाकिटं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीबोटीवर जायची, आणि छापलेली पाकिटं प्रिंटरकडून आलीच नव्हती, म्हणून रोल आणून हाताने स्टिकर लावायचं ठरलं. मी मदतीला गेलो, म्हणजे अनुभवी माणूस म्हणून. कोल्ड स्टोअरमधे चार डिग्री, पाकिटावर दव धरलेलं, स्टिकर लावला की दोन मिनिटांत एका कोपऱ्याने मान वर काढायचा. मग आम्ही पाकिटं एकेक करून फडक्याने पुसली, पुसून लावली, अंगठ्याने दाबून धरली, हातमोजे घातले तर स्टिकर मोज्याला चिकटतो आणि काढले तर बोटं बधिर. रात्री साडेअकराला ६०० झाली. मी कौतुकाने एक पाकीट हातात घेऊन बघतो तर स्टिकर बरोब्बर बेस्ट बिफोर तारखेवर बसलेला. आणि सक्तीची माहिती झाकायची नाही हा नियम याच्या आधीपासूनचा. दोनशेच्या वर पाकिटं तशी निघाली, ती सोलून परत लावताना असं लक्षात आलं की दवाने न चिकटणारा हा स्टिकर चुकीच्या जागी मात्र फेव्हिकॉल लावल्यासारखा बसतो, आणि निघताना तारखेची शाई सोबत घेऊन जातो. ज्यांची तारीख अशी पुसली गेली त्या पाकिटांतलं चीज आम्हीच खाल्लं, पुढचे तीन आठवडे.

अक्षराच्या उंचीचं पण बघून घ्या. लेबलवरच्या सक्तीच्या माहितीत लहान एक्स अक्षर कमीत कमी १.२ मिलिमीटर उंच पाहिजे, पाकिटाची सगळ्यात मोठी बाजू ८० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ०.९ चालतं. मी चष्मा कपाळावर चढवून शाळेतल्या कंपासपेटीतल्या पट्टीने एक्स मोजलेला माणूस आहे, माझ्या शिक्षणावर घरच्यांनी काय पैसा ओतला होता ते इथे सांगत नाही.

याच पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, ठळक करून लिहिलेले ॲलर्जीचे पदार्थ असतात, १४ ठरलेले, दूध, शेंगदाणा, तीळ, मोहरी वगैरे. ती ओळ वाचून माणसं जगतात, म्हणून तिच्यावर मी काही विनोद करणार नाही. पण होतं काय, की समोरचं 'नॉट फॉर ईयू' बघून गिऱ्हाईक घाबरतं आणि मागची ओळ वाचायच्या आधीच पाकीट खाली ठेवतं. कारण काही कंपन्यांनी वेगळी पाकिटं कुठे सांभाळा म्हणून सगळ्याच मालावर हे छापून टाकलं, त्यामुळे जिथून युरोप दिसतसुद्धा नाही अशा इंग्लंडातल्या गावात बाई दुधाची बाटली हातात घेऊन विचारते, युरोपवाल्यांना चालत नाही असं यात काय घातलंय? काही घातलेलं नाही हो, गाय तीच, गवत तेच, ३१ डिसेंबर २०२० च्या रात्रीपर्यंत हेच दूध युरोपात चालत होतं. सरकारचा तर बेत होता की १ ऑक्टोबर २०२४ पासून अख्ख्या ग्रेट ब्रिटनमधे हा शिक्का सक्तीचा करायचा, कंपन्यांनी तयारीही केली, मग ऐनवेळी म्हणाले राहू द्या. ज्यांनी आधीच छापून घेतलं त्यांना मी हुशार म्हणू की बावळट हे अजून ठरलं नाहीये.

ट्रक पूर्ण भरण्याएवढा माल नसेल, आणि तुमचा नसणारच, तर तुम्ही ग्रुपेजमधे जाणार, म्हणजे एका ट्रकमधे दहा जणांचा माल. इथे सल्ला एकच, बाकीच्या नऊ जणांची पत्रिका काढून घ्या. कारण सुक्याबरोबर ओलंही जळतं, कुणाच्यातरी एका खोक्यावर स्टिकर नाही म्हणून ट्रक बाजूला घेतला की तुमचं नियमात बसलेलं चीजही त्याच्याबरोबर बंदरात वारा खात उभं, आणि चीजला वारा मानवत नाही. मोठ्या सुपरमार्केटांना याचा त्रास होत नाही असं नाही, पण त्यांच्याकडे या कामाला अख्खा मजला असतो. छोट्या लोकांनी सोपा मार्ग काढला, वेबसाइटवर एक ओळ टाकली, नॉर्दर्न आयर्लंडला डिलिव्हरी नाही. तुम्हालाही टाकता येईल, फुकट आहे, तिला स्टिकर लागत नाही.

मोठ्या माणसांनाही हे कळतं असं समजू नका. २०२१ मधे ब्रिटनची थंड सॉसेजं नॉर्दर्न आयर्लंडला जाऊ द्यायची की नाही, नुसत्या एवढ्यावरून इतकी जुंपली की लोक त्याला सॉसेज वॉर म्हणायला लागले, कॉर्नवॉलच्या जी७ बैठकीत ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांना म्हणे विचारत होते की तुलूजची सॉसेजं पॅरिसला न्यायला बंदी घातली तर तुम्हाला कसं वाटेल, आणि मॅक्रॉन म्हणाले अहो ती दोन्ही गावं एकाच देशात आहेत, आणि मग इकडे भडका. म्हणजे तळ्यात-मळ्यात देशांचे प्रमुख खेळले आणि तेही आउट झाले.

आणि आता पुढची खबर. मे २०२५ मधे लंडनला ब्रिटन आणि युरोपियन युनियन एकत्र बसले, आणि ठरलं की खाण्यापिण्याच्या नियमांचा एक करार करूया, ज्याने बहुतेक तपासण्या आणि कागद जातील. टाळ्या. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १ जुलैला, स्टिकरचा तिसरा टप्पा ठरल्याप्रमाणे सुरू झाला. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, इथे नवरदेव उतरून घरी निघालाय आणि घोड्याला नाल ठोकणं चालू आहे. तेव्हा स्टिकरची मोठी ऑर्डर देऊ नका, वाया जाईल. छोटीही देऊ नका, पुरणार नाही.

हे सगळं मी परवा त्या ओळखीच्याला पुन्हा सांगितलं, कारण त्याची पुढची खेप पण ६०० ची होती आणि बेलफास्टच्या दुकानाने ऐनवेळी निम्मीच घेतो म्हणून कळवलं. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, मग उरलेली ३०० डब्लिनला पाठवली तर? तिथे एक गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, पाठव की, एक्सपोर्टचे सगळे कागद, खेपेला हेल्थ सर्टिफिकेट, त्यावर सही, सगळं करून देतो, पण त्या प्रत्येक पाकिटावर आपण नॉट फॉर ईयू लावून बसलोय आणि डब्लिन ईयूमधे आहे.

फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग हळूच म्हणाला, "अरे, नखाने निघतो का तो?"