गटात बसवणं आणि गटात घेणं

रविवारी सकाळी एचईबी या इथल्या सुपरमार्केटातून भाजी घेऊन निघाले तोच बहिणीचा फोन आला. ती कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. पाचवीच्या वर्गात तिने मुलांचे गट पाडले, तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या बैठकीत एका पालकाने तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "बाई, पोरांनीच पोरांना शिकवायचं तर तुम्ही पगार कशाचा घेता?" दुसऱ्याने री ओढली: हुशार पोरगं राबतंय, बाकीची बसून खातात. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

दुसऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुलांना गोलात बसवून 'करा मिळून' म्हटलं की एक लिहितो, दोघं बघतात, चौथा बाजूच्याची पेन्सिल पळवतो. पण बहिणीने तसं केलंच नव्हतं.

तिने जे केलं त्याला 'जिगसॉ' म्हणतात. ते मी राहते त्या टेक्सासातल्या ऑस्टिनमध्येच १९७१ साली जन्माला आलं. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गावर्गात तणाव होता. इथल्या विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा. सगळ्या गटांतली सारख्या तुकड्याची मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात, म्हणजे कच्चं पोर एकटं पडत नाही. मग आपापल्या गटात परतून शिकवतात. नावडत्या मुलाचंही ऐकावंच लागतं, कारण तो भाग दुसऱ्या कुणाकडे नसतो. शेवटी चाचणी ज्याची त्याने द्यायची. बसून खायला जागा कुठे उरली?

आणि पगाराचं म्हणाल तर मलप्रभा नदीच्या धड्याचे पाच तुकडे पाडायला बहिणीची शनिवारची अख्खी दुपार गेली. प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, तरी दुसऱ्यावाचून अपुरा. करून बघा म्हणावं.

हे अमेरिकेचं खूळ आहे, असंही कुणी म्हणालं म्हणे. कर्नाटकातच, हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ ला नली-कली, म्हणजे आनंदाने शिकण्याची पद्धत, सुरू झाली. त्यात लहान मुलं गटागटानेच शिकतात. ते म्हैसूरकडचं, म्हणून आपलं नव्हे का? इथे टेक्सासात चौथीपर्यंत वर्गात २२ मुलांची मर्यादा आहे, तिथे जमतं, असं सांगाल. बहिणीच्या वर्गात १९ आहेत.

माझ्या मुलीच्या शाळेत शिक्षिकेला असं भर सभेत कुणी बोलताना मी पाहिलं नाही. हे मी बहिणीला जरा तोऱ्यातच सांगितलं. ती गप्प झाली. मग मलाच माझं एमएसचं पहिलं वर्ष आठवलं. माझं इंग्रजी अडखळायचं. गटाच्या प्रोजेक्टमध्ये माझ्या वाट्याला स्लाइडचे रंग सारखे करणं आलं. विषय मला त्यांच्याइतकाच येत होता. कुणी विचारलं नाही.

असंच मी एकीला केलं होतं. सहावीत आमच्या वर्गात एक कानडी घरातली मुलगी होती, शाळा जवळ म्हणून आलेली. गटाने मलप्रभेचा नकाशा काढायचा होता. लिहिणं माझ्याकडे, वाचून दाखवणं माझ्या मैत्रिणीकडे. तिला आम्ही निळा खडू दिला. कणकुंबीपासून कृष्णेच्या संगमापर्यंत तिने नदी रंगवली, एकदाही रेघेबाहेर न जाता. गुरुजींनी सौंदत्तीजवळच्या धरणाबद्दल विचारलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिचं आजोळ सौंदत्तीचं. धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा काय होतं हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं, हे नंतर पाण्याच्या टाकीपाशी कळलं. तिने ते कानडीत सांगितलं. आम्ही हसलो.

बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधात माझे बाबा दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळत. आपली भाषा मागे सारली की माणसाचं काय होतं, हे आमच्या घरात रोज बोललं जायचं. तरी मी हसले. त्या पालकावर मी इतकी का चिडले, ते इथे एचईबीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या कळलं.

बहिणीला विचारलं, "धरणाचा तुकडा कुणाला दिलास?"

"बैलहोंगलहून आलेल्या पोराला. अडला की कानडीत सांगतो. शेजारची मराठीत करून लिहून घेते."