ऑनबोर्ड साउंड बंद करायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

‘लिनक्सला एकच साउंड कार्ड झेपतं. टीव्ही कार्डाचा आवाज हवा तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद करा, पल्सऑडिओ उडवा, /डेव्ह/एसएनडीला ७७७ परवानगी द्या. तरी आवाज नाही? कार्ड जळालं.’ हा मेसेज सोलापुरात ग्रुपा-ग्रुपांतून फिरत जुळे सोलापुरातल्या आमच्या मामांपर्यंत पोचला. त्यांनी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचं साउंड कार्ड लगेच बंद केलं. आता साधी गाणीही वाजत नाहीत.

वाजतील कुठून? एसएए७१३४, सीएक्स८८ किंवा बीटी८७८ चिपचं टीव्ही कार्ड (संगणकावर टीव्ही दाखवणारं) अल्साला, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेला, फक्त रेकॉर्डिंगचं यंत्र म्हणून दिसतं. ते आवाज आत घेतं, स्पीकरकडे सोडत नाही. काही कार्डांना मागे ऑडिओची पिन असते, पण तिच्यातून कार्डाचा स्वतःचा ॲनालॉग आवाज बाहेर पडतो. संगणकावरचं गाणं तिथून वाजत नाही. म्हणजे स्पीकरला आवाज देणारं कार्डच या महाभागांनी बंद करायला सांगितलंय. आधी ते बायोसमध्ये परत चालू करा.

‘एकच कार्ड’ ही तर थापच. कर्नलच्या अल्सा दस्तऐवजात कार्डाचा इंडेक्स ० ते ३१ दिलाय. अर्धसत्य मात्र आहे, नाइलाजाने मान्य करतो: ० नंबरचं कार्ड डीफॉल्ट ठरतं. तो नंबर टीव्ही कार्डाने किंवा ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयने पटकावला की स्पीकर गप्प. /प्रॉक/एसाउंड/कार्ड्स ही फाइल उघडली की कोण कुठे बसलंय ते दिसतं. टीव्ही कार्ड ० वर असेल तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मधल्या अल्सा-बेस.कॉन्फमध्ये ‘ऑप्शन्स सीएक्स८८_अल्सा इंडेक्स=-२’ अशी ओळ हवी आणि मग रीबूट. त्याच दस्तऐवजानुसार ऋण आकडा म्हणजे कुठले नंबर चालतील त्याचा बिटमास्क (नंबरांची हो-नाही यादी). -२ म्हणजे ० सोडून कुठलाही. उबंटूच्या त्या फाइलीत सीएक्स८८ आणि एसएए७१३४साठी ही ओळ आधीपासूनच असते. मेसेज लिहिणाऱ्याने ती उघडली असती तर!

एवढं करूनही टीव्हीचा आवाज आपोआप येत नाही, तो एका कार्डातून दुसऱ्यात ओतावा लागतो. टर्मिनलमध्ये एआरेकॉर्डला (रेकॉर्ड करणारी आज्ञा) टीव्ही कार्ड द्या, पाइप (|) लावून पुढे एप्ले (वाजवणारी आज्ञा). सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) स्वतः सांगा, नाहीतर एआरेकॉर्ड ८००० हर्ट्झ, ८ बिट, मोनो धरतं. एसएए७१३४ला ३२००० द्या, स्टिरिओ, १६ बिट. ४४१०० त्याला जमत नाही. कार्ड नंबराने नको, नावाने द्या (एचडब्ल्यू:एसएए७१३४), कारण यूएसबी हेडफोन लावला की नंबर सरकू शकतात.

साउंड कार्डाच्या फाइलींना दिलेली ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) रीबूटनंतर टिकत नाही, आणि तोवर संगणकावरच्या कुठल्याही खात्याला तुमचा माइक ऐकता येतो. पल्सऑडिओ (प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत नेणारा) कार्ड अडवून ‘डिव्हाइस बिझी’ म्हणायला लावतो, हे खरं; पण त्यासाठी पावूकंट्रोल या त्याच्या सेटिंगच्या प्रोग्रामात कॉन्फिगरेशन टॅबमध्ये फक्त टीव्ही कार्डाचं प्रोफाइल ‘ऑफ’ करा. अख्खा पल्स काढायची गरज नाही.

आणि जळालेलं कार्ड? सेट-टॉप बॉक्स जोडला असेल तर अल्सामिक्सरमध्ये (टर्मिनलमधला आवाजाचा मिक्सर) एफ६ने टीव्ही कार्ड निवडा, रेकॉर्डिंगच्या पानासाठी एफ४ दाबा आणि एसएए७१३४वर ‘व्हिडिओ’ऐवजी ‘लाइन १’ किंवा ‘लाइन २’ स्पेसने चालू करा. तरी शांतता असेल तर बॉक्सची लाल-पांढरी वायर आरसीए-ते-३.५ मिमी केबलने थेट मदरबोर्डच्या निळ्या लाइन-इनला लावा आणि ऑनबोर्ड कार्डाच्या ‘लाइन’वरचं ‘एमएम’ (आवाज बंद असल्याची खूण) एम दाबून घालवा. टीव्ही फक्त बघायचा असेल तर एवढ्यावरच भागतं.